पंचावन्न मैलांचा धीर

आजारी माणसाला भेटून निघताना आपण म्हणतो, ‘धीर धरा.’ दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालणाऱ्या बापाला, निकालाची वाट पाहणाऱ्या पोराला, पावसाने डोळे वटारलेल्या वर्षी शेतकऱ्याला, सगळ्यांना हेच सांगतो. ‘शौर्य धरा’ असं कुणी कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही. शौर्य गाजवायचं असतं. धीर धरायचा असतो, विहिरीच्या दोरासारखा, तळहाताला घट्टे पडले तरी न सोडता. भाषेने ही दोन क्रियापदं फार विचारपूर्वक वाटून दिली आहेत असं मला वाटतं. धीर धरणाऱ्याचा गुण तो धैर्य. पण बोलण्याच्या ओघात आपण धैर्य आणि शौर्य एकमेकांच्या जागी सर्रास बसवतो, आणि सैनिकांविषयी बोलताना तर हमखास. गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाच्या स्वभावातली कर्मं मोजली आहेत. तिथे मात्र शौर्य वेगळं मोजलं आहे, धृती वेगळी आणि दाक्ष्यही वेगळं. मोजणाऱ्याला रणांगणाची माहिती होती.

हा फरक माझ्या मनात स्पष्ट झाला तो एका सेकंड लेफ्टनंटच्या चार दिवसांच्या कामामुळे. प्रेमिंद्र सिंग भगत त्याचं नाव. आडनाव मराठी घरातलं वाटेल, पण जन्म गोरखपूरचा, 1918 सालचा. वडील संयुक्त प्रांताच्या सरकारात इंजिनिअर. शिक्षण डेहराडूनच्या लष्करी शाळेत, मग तिथल्याच इंडियन मिलिटरी अकादमीत. 1939 च्या जुलैमध्ये कमिशन मिळालं ते रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे आपल्या खडकीच्या पलटणीत. मराठे, शीख आणि मुसलमान जवानांची ही पलटण. पूल बांधायचे, रस्ते काढायचे, पाण्याची सोय करायची, शत्रूचे सुरुंग उचलायचे आणि आपले पेरायचे, हा तिचा धंदा. इतर पलटणींचा जवान बंदुकीने ओळखला जातो. सॅपरच्या हाती बंदुकीइतकीच कुदळ असते.

कमिशन मिळून दोन महिने होत नाहीत तोच युद्ध पेटलं, आणि 1940 च्या शरदात भगतांची कंपनी, एकविसावी फील्ड कंपनी, सुदानमध्ये पोचली. सुदानच्या हद्दीवर गलाबात, आणि समोर, इथिओपियाच्या बाजूला, मेतेम्मा. दोन्ही ठाणी तेव्हा इटलीच्या ताब्यात होती. 6 नोव्हेंबरला गलाबातवर हल्ला झाला. हल्ल्याचा प्रमुख होता ब्रिगेडियर विल्यम स्लिम, पुढे ब्रह्मदेशातल्या चौदाव्या सेनेमुळे नावारूपाला आलेला. ठाणं हाती आलं, पण टिकवता आलं नाही. माघार घ्यावी लागली. मागून येणाऱ्या शत्रूची वाट अडावी म्हणून एक मोरी उडवायची होती, आणि हे काम भगतांवर आलं. बिघडून पडलेले दोन रणगाडे दारू भरून तिथे उभे केले आणि वात पेटवली. त्यातल्या एकातली दारू उडालीच नाही. शत्रूचा मारा चालू असताना भगत परत धावत गेले आणि ती उडवून आले. या कामगिरीबद्दल मिलिटरी क्रॉससाठी त्यांची शिफारस झाली. प्रत्यक्षात पदरी पडला तो अधिकृत खलित्यातला नावाचा उल्लेख.

ही मोरी लक्षात ठेवावी, कारण इथे शौर्य अगदी शुद्ध रूपात दिसतं. एक क्षण येतो. विचाराला उसंत नसते. माणूस धावतो किंवा धावत नाही. जे व्हायचं ते काही मिनिटांत होऊन जातं आणि मग तो तंबूत येऊन पाणी पितो. या धावण्याला मी तसूभरही कमी लेखत नाही. बहुतेकांचे पाय तिथे जमिनीला खिळतात. पण याच माणसाच्या हातून तीन महिन्यांनी दुसरंच काही घडलं, आणि ते या धावण्याहून निराळ्या जातीचं होतं.

1941 च्या जानेवारीअखेर इटालियनांनी मेतेम्मा सोडलं आणि ते गोंदरच्या दिशेने मागे सरले. जाताना वाटेत सुरुंग पेरत गेले. 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारीच्या मधल्या रात्री पाठलाग सुरू झाला. सगळ्यात पुढे ब्रेन कॅरिअर, म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या, वरून उघड्या, लहानशा लढाऊ गाड्या. त्यांच्याबरोबर राहून वाट आणि वाटेच्या दोन्ही बाजू निर्धोक करायच्या, हे भगतांच्या तुकडीचं काम. भगत बसले पहिल्याच कॅरिअरमध्ये.

त्या वाटेवर सुरुंग शोधायचे कसे, ते आधी समजून घेतलं पाहिजे. कानाला लावून जमिनीवर फिरवायचं आणि धातू लागला की वाजणारं जे यंत्र आपण चित्रपटांत पाहतो, ते एका पोलिश अधिकाऱ्याने पुढे तयार केलं आणि ब्रिटिश फौजांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आलं ते 1942 च्या उत्तरार्धात, अल अलामीनच्या लढाईच्या वेळी. फेब्रुवारी 1941 मध्ये सॅपरपाशी दोन डोळे होते, दहा बोटं होती आणि संगिनीसारखी एखादी टोकदार वस्तू होती. माती कुठे नुकती हलवलेली दिसते, चाकोरीतली धूळ कुठे उगाच सारखी केलेली वाटते, गवताचं पातं कुठे अवेळी सुकलं आहे, हे वाचायचं. शंका आली की खाली उतरायचं, गुडघ्यावर बसायचं, टोक तिरकं धरून हळूच मातीत खुपसायचं. सरळ खुपसलं तर दाब पडून सुरुंग उडण्याचा धोका, म्हणून तिरकं. काही कठीण लागलं की बोटांनी माती बाजूला करायची, जशी आपण कोवळ्या रोपाच्या मुळाभोवतीची माती मोकळी करतो तशी. सापडलेला सुरुंग निकामी करायचा किंवा उचलून दूर ठेवायचा. मग उठायचं, आणि पुढच्या हातभर जमिनीसाठी पुन्हा बसायचं.

हे चार दिवस चाललं. अंतर पंचावन्न मैल, आजच्या मापात अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. या अंतरात भगतांनी स्वतः पंधरा सुरुंगक्षेत्रं हुडकली आणि आपल्या देखरेखीखाली साफ करवली. सरासरी काढली तर दर सहा किलोमीटरला एक. पण सुरुंग सरासरीने पेरलेले नसतात. पुढचं क्षेत्र सहा किलोमीटरवर असेल की सहाशे पावलांवर, हे पेरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे पंधरा क्षेत्रं साफ करायला लागलेला धीर एक भाग झाला. उरलेल्या वाटेवर, जिथे काहीच नव्हतं, तिथेही प्रत्येक हातावर तेवढंच लक्ष द्यावं लागलं असणार. मला या दुसऱ्या भागाचं जास्त वाटतं. सापडलेल्या सुरुंगाला सामोरं जाणं मनाला एक काम देतं; न सापडलेल्या सुरुंगाच्या वाटेवर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत डोळे ताणून बसणं मनाला नुसतं खात राहतं. शिवाय घाई होती. मागे अख्खा ताफा खोळंबलेला. मुंगीच्या चालीने गेलं तर शत्रू निसटणार, घाई केली तर मागचे मरणार. ताफ्याचा वेग आणि ताफ्याचे जीव, दोन्ही एका बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याच्या नजरेवर तोललेले.

दोनदा भगत बसलेल्या कॅरिअरखालीच सुरुंग उडाला. दोन्ही वेळा बरोबरच्यांवर घाला पडला, भगत वाचले. तिसऱ्यांदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. तिन्ही वेळा त्यांनी काम तिथूनच पुढे सुरू केलं. एका स्फोटात एका कानाचा पडदा फाटला. थकवा इतका की वरिष्ठांनी बदली माणूस द्यायची तयारी दाखवली. भगतांनी नकार दिला.

आता त्या नकारामागचं कारण पाहू. मी दमलो नाही, असं ते म्हणाले नाहीत. मला मरणाची भीती नाही, असंही म्हणाले नाहीत. पलटणीच्या अब्रूचा किंवा राजाच्या मिठाचा विषय काढला नाही. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की हे काम शेवटपर्यंत नेण्यासाठी आता मीच जास्त लायक झालो आहे. या कामाबद्दल पुढे मिळालेल्या पदकाच्या अधिकृत मानपत्रात हे कारण नोंदवलेलं आहे, आणि मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचूच शकलो नाही.

हे वीराचं बोलणं वाटत नाही. एखाद्या गवंड्याचं, सुइणीचं, जुन्या वायरमनचं वाटतं. ‘अर्ध्यावर आलंय, आता दुसऱ्याच्या हातात देऊ नका, मला याची खोड कळली आहे.’ चार दिवसांत त्या पेरणाऱ्याची खोड भगतांना कळली होती. तो वळणाच्या अलीकडे पेरतो की पलीकडे, चाकोरीत पेरतो की कडेला, माती कशी सारखी करतो, कुठे कंटाळा करतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पहिल्या दिवशी भगतांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठाऊक होतं, आणि नव्याने येणाऱ्याला ते पुन्हा शून्यापासून शिकावं लागलं असतं, कुणाच्या तरी जिवाच्या मोलाने. त्या नकारात मला हा हिशेब दिसतो. त्यात स्वतःच्या थकव्याला जागा आहे, फुटलेल्या कानाला जागा आहे, पण त्यांचं वजन ज्ञानापेक्षा कमी भरलं आहे.

म्हणून धीर म्हणजे सोसणं, हा अर्थ मला अपुरा वाटू लागला. सोसणारा आहे तिथेच असतो. धीर धरणारा सोसता सोसता शिकत असतो. गीतेच्या त्या यादीत धृतीला लागूनच दाक्ष्य येतं, ते मला या वाटेवर नव्याने दिसलं. दक्ष माणूस आणि धीराचा माणूस हे दोन वेगळे असू शकत नाहीत. मोरीवर धावत जाताना जे लागलं ते त्यांच्या अंगात आधीपासून होतं. पंचावन्न मैलांत जे लागलं ते वाटेवर, एकेका हाताने, तयार होत गेलं.

10 जून 1941 रोजी लंडनच्या राजपत्रात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मानपत्र वाचताना जाणवतं की ते लिहिणाऱ्यालाही नेहमीचे शब्द पुरले नव्हते. शौर्याबरोबर तिथे शांतपणाचा आणि शहाण्णव तास टिकलेल्या चिकाटीचा उल्लेख आहे, आणि हे गुण केवळ लढाईत दिसले नाहीत तर त्या सगळ्या प्रदीर्घ काळात दिसले, हे मुद्दाम सांगितलं आहे. तासांचा आकडा मानपत्रात यावा, हेच मला बोलकं वाटतं. शौर्याची कोणी तासांत मोजणी करत नाही.

इथे एक प्रश्न आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. हा धीर कुणासाठी होता? ज्या साम्राज्याने हा क्रॉस दिला, त्याने तो हिंदी शिपायाला 1911 पर्यंत खुलाच केला नव्हता. डेहराडूनची अकादमी 1932 मध्ये निघाली आणि तिथून बाहेर पडणाऱ्या हिंदी अधिकाऱ्याला सँडहर्स्टहून येणाऱ्याहून कमी पगार ठरला; गोऱ्या शिपायांवरचा त्याचा अधिकारही आरंभी मर्यादित ठेवलेला. हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा व्हाइसरॉयने कुठल्याही लोकप्रतिनिधीला न विचारता केली होती. भगत सुदानमध्ये होते तेव्हाच, 1940 च्या ऑक्टोबरात, 17 तारखेला, वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबांनी या युद्धाला मदत करू नका असं जाहीरपणे सांगून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली आणि ते तुरुंगात गेले. सुटले, पुन्हा सत्याग्रह केला, पुन्हा गेले. तीही एक धृतीच. एकाच देशाची दोन माणसं, एक युद्धाच्या वाटेवर गुडघे टेकून बसलेला, दुसरा त्याच युद्धाला नकार देऊन कोठडीत बसलेला. या दोघांना तराजूच्या दोन पारड्यांत घालावं असं मला कधीच वाटलं नाही. दोघांनाही हाती घेतलेली गोष्ट अर्ध्यावर सोडणं मंजूर नव्हतं.

एवढं मात्र नक्की की भगतांच्या मागून येणाऱ्या ताफ्यात आपल्याकडच्या खेड्यांतली पोरं होती. सुरुंग राहिला असता तर तार त्यांच्या घरी गेली असती. आणि ती वाट ज्या देशात शिरत होती, त्या देशावर इटलीने 1935-36 मध्ये विषारी वायू सोडून कब्जा केला होता. भगतांची तुकडी मेतेम्माहून निघाली त्याच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी, 20 जानेवारीला, इथिओपियाचा परागंदा सम्राट हैले सेलासी सुदानची हद्द ओलांडून आपल्या मायभूमीत परतला होता; 5 मे रोजी तो आदिस अबाबात पोचला. परतंत्र देशातला एक तरुण दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी करत होता. हे त्याला त्या वेळी जाणवलं असेल किंवा नसेल. मला ते आठवून भरून येतं.

पुढचं आयुष्य मोठं आहे. मी त्यातल्या दोन-तीन ठिकाणीच थांबतो. 1962 मध्ये चीनकडून पराभव झाला तेव्हा भगत डेहराडूनच्या त्याच अकादमीचे प्रमुख होते, जिथून ते घडून बाहेर पडले होते. पराभवाची लष्करी चौकशी करायला दोघांना नेमलं गेलं, लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत. 1963 मध्ये त्यांनी अहवाल दिला. तो अजून संपूर्णपणे जनतेसमोर आलेला नाही. आपल्याच सैन्याच्या चुका आपणच हुडकून लिहायच्या, हे कामही जमिनीत टोक खुपसत जाण्यासारखंच. कुठे दाब पडेल आणि कुणाच्या पायाखाली उडेल ते सांगता येत नाही. पुढे ते लखनौला मध्य विभागाचे प्रमुख असताना गोमतीला महापूर आला आणि शहर वाचवण्यासाठी बांधाला पडलेली भगदाडं बुजवायला लष्कर उतरलं. वरिष्ठ सेनापती असूनही त्यांच्यातला सॅपर तिथे जागा झाला असणार.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो ते 1972 पाशी. बांगलादेशचं युद्ध संपलं होतं, सिमला करार झाला होता. जम्मू-काश्मीरमध्ये युद्धबंदीच्या वेळी दोन्ही सैन्यं जिथे उभी होती तिथून नियंत्रण रेषा आखायची होती. नव्याने झालेल्या उत्तर विभागाचे पहिले प्रमुख म्हणून ही बोलणी भगतांकडे आली. पाकिस्तानच्या बाजूने लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत बैठका होत राहिल्या, कधी सीमेच्या अलीकडे सुचेतगढला, कधी पलीकडे वाघ्याला. एकेक डोंगरधार, एकेक नाला, एकेक वस्ती नकाशावर दोन्ही बाजूंनी तपासायची. सुमारे 740 किलोमीटरची रेषा. ठाकोचक नावाच्या एका लहानशा खेड्यावरून घोडं अडलं. शेवटी माणेकशॉ आणि टिक्का खान या दोन्ही सेनाप्रमुखांना लाहोरला भेटून ती गाठ सोडवावी लागली. 11 डिसेंबर 1972 रोजी सुचेतगढला दोन्ही जनरलांनी नकाशांच्या एकोणीस जोडपत्रांवर सह्या केल्या.

त्या खोलीची कल्पना करताना मला तीच मुद्रा दिसते. वाकलेलं डोकं, बोटाखाली जमीन, यावेळी कागदावरची, आणि पुढच्या हातभर अंतराकडे लागलेली नजर. इथेही न सापडलेल्या सुरुंगाचीच चिंता. पेन्सिलीची जाडी नकाशावर केसाएवढी असली तरी डोंगरात ती अनेक पावलांची होते, आणि तिथे उद्या कोणाची तरी चौकी उभी राहणार, कोणाचा तरी मुलगा गस्तीला जाणार.

सेनाप्रमुखपदापर्यंत ते पोचतील असं अनेकांना वाटत होतं. पण तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि 1974 मध्ये भगत निवृत्त झाले. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचं अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं, आजारलेली वीजकेंद्रं चालती करण्याचं काम हाती घेतलं. पुरतं एक वर्षही मिळालं नाही. 23 मे 1975 रोजी कलकत्त्याला ते गेले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

लोकलने लोणावळ्याकडे जाताना खडकी स्टेशन मागे पडतं तेव्हा माझी नजर आपोआप छावणीच्या झाडांकडे जाते. तिथे नव्या सॅपरला आजही हाताने सुरुंग शोधायला शिकवतात. यंत्रं आली, तरी ज्या सुरुंगात धातू नसल्यातच जमा, तिथे यंत्र गप्प राहतं. मग जवान गुडघ्यावर बसतो, टोक तिरकं धरतो, हळूच खुपसतो. काही लागत नाही. बोटभर पुढे सरकतो आणि पुन्हा खुपसतो.